मनाच्या आजारावरील नवे औषध : पहिले पंधरा दिवस कसे काढावेत?



ताप आला, रक्तदाब वाढला, साखर वाढली की आपण डॉक्टरांकडे जातो, औषध घेतो आणि चारचौघांत सांगतोही. मनाचा आजार झाला म्हणजे मात्र तो दडवून ठेवतो. झोप नाही, जेवण नाही, कामात लक्ष नाही, जगण्यात राम नाही, अशा अवस्थेत महिने काढल्यावर घरच्यांच्या आग्रहाने माणूस एकदाचा मानसोपचारतज्ज्ञाच्या दवाखान्याची पायरी चढतो. डॉक्टर तपासतात, गोळी लिहून देतात, आणि पुष्कळदा ती गोळी आठ दिवसांतच बंद होते. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते : ‘गोळी मानवली नाही’, ‘डोके जड झाले’, ‘मळमळायला लागले’. पंधरवड्यानंतर आजार होता तिथेच असतो. जोडीला ‘आपल्याला औषधाचाही उपयोग नाही’ ही नवी निराशा येऊन बसते.

हा आठ-पंधरा दिवसांचा काळ उपचाराच्या दृष्टीने फार नाजूक असतो. तो निभावला तर पुढचा मार्ग बराच सुकर होतो. म्हणून या लेखासाठी एवढाच मर्यादित विषय घेतला आहे. मी बँकेतला लिपिक आहे, शिक्षणाने कला शाखेचा पदवीधर, डॉक्टर नव्हे. परंतु उदासीनतेच्या आजारासाठी मी स्वतः दीड वर्ष गोळी घेतली आहे. त्या काळात डॉक्टरांना जे विचारले आणि नंतर जे वाचले, ते येथे क्रमाने मांडतो. हा लेख डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. दवाखान्यात काय विचारावे आणि घरी कशाकडे लक्ष ठेवावे, हे कळावे एवढाच याचा हेतू आहे.

१) थोडा इतिहास

मनाच्या आजारांवरील आधुनिक औषधांचे वय फार नाही. १९४९ साली ऑस्ट्रेलियात डॉ. जॉन केड यांनी उन्मादाच्या रुग्णांवर लिथियमचा उपयोग दाखवून दिला. १९५२ मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांना देण्यास आरंभ झाला. पुढे १९५७ च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या डॉ. रोलंड कुन यांनी इमिप्रामिनचा उदासीनतेवरील गुण जगासमोर आणला. फ्लुओक्सेटिनला अमेरिकेत १९८७ मध्ये मान्यता मिळाली आणि तेथून नव्या पिढीच्या गोळ्यांचा प्रसार झाला.

या इतिहासात भारताचाही वाटा आहे. सर्पगंधा या वनस्पतीचा मानसिक आजारांवर व रक्तदाबावर होणारा परिणाम गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली प्रसिद्ध केला. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेच्या रक्तदाबावरील गुणाविषयी ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात लिहिले आणि जगाचे लक्ष तिच्याकडे गेले. तिच्यातील रिसर्पिन हे द्रव्य पुढे मनोरुग्णांसाठीही वापरले गेले. परंतु त्याने काही रुग्णांना उदासीनता येते असे आढळले, आणि त्याहून बरी औषधे आल्यावर ते मागे पडले. यातून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. गुण देणाऱ्या औषधाला आनुषंगिक परिणाम असू शकतात. आणि त्या परिणामांची नोंद होत गेली म्हणूनच पुढची औषधे सुधारत गेली. झाडपाल्याचे औषध म्हणजे निर्धोक, हा समजही येथेच गळून पडतो.

२) त्रास आधी आणि गुण नंतर का?

रुग्णाला सर्वांत कोड्यात टाकणारा प्रश्न हा आहे. मळमळ दुसऱ्या दिवशी सुरू होते. मन हलके व्हायला मात्र दोन ते चार आठवडे लागतात, आणि पूर्ण गुण येण्यास सहा ते आठ आठवडेही जातात. असे का व्हावे?

उदाहरणार्थ एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन या गोळ्या घ्या. त्या सेरोटोनिन या रसायनाच्या कार्यावर परिणाम करतात. हे रसायन मेंदूत असते, परंतु शरीरातील त्याचा फार मोठा साठा आतड्यांत असतो. म्हणून गोळी पोटात गेली की आतड्यांना तिची जाणीव लगेच होते : मळमळ, पातळ शौचास होणे, भूक मंदावणे. शरीराला सवय झाली की बहुतेकांचा हा त्रास एक-दोन आठवड्यांत ओसरतो. मेंदूतील पेशींना मात्र नव्या परिस्थितीशी जुळवून घेण्यास वेळ लागतो आणि तो बदल स्थिरावल्यावर मन सावरू लागते. बियाणे पेरल्यावर दुसऱ्या दिवशी कोणी माती उकरून पाहत नाही. तेवढाच धीर येथे लागतो.

याच कारणामुळे पुष्कळ डॉक्टर आरंभी कमी मात्रा देतात आणि हळूहळू वाढवतात. ‘अर्ध्या गोळीने काय होणार?’ असे म्हणून स्वतःच मात्रा वाढवू नये. त्याने गुण लवकर येत नाही, त्रास मात्र वाढतो.

३) कोणत्या औषधाने काय होऊ शकते?

सर्वांना सर्व त्रास होत नाहीत, आणि कित्येकांना काहीच होत नाही. तरीही आपल्या गोळीचा गट माहीत असावा.

(अ) उदासीनता व चिंता यांवरील नव्या गोळ्या : मळमळ, डोकेदुखी, घाम, झोप तुटणे किंवा उलट झोप येणे, पहिल्या काही दिवसांत अस्वस्थता वाढणे. लैंगिक इच्छा वा क्षमता कमी होणे हाही यांचा परिणाम आहे. तो आपोआप जाईलच असे नाही. लाजेपोटी लोक तो सांगत नाहीत आणि गुपचूप गोळी सोडतात. डॉक्टरांपाशी यावर मार्ग असतात. मात्र त्यांना कळले पाहिजे.

(आ) जुन्या गोळ्या, उदा. ॲमिट्रिप्टिलिन, इमिप्रामिन : तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठ, झोप, उठताना चक्कर, अंधुक दिसणे, लघवी अडखळणे. काचबिंदू, प्रोस्टेटचा किंवा हृदयाचा त्रास असल्यास तो डॉक्टरांना आधीच सांगावा.

(इ) भ्रम-भास होणाऱ्या आजारांवरील औषधे : हॅलोपेरिडॉलसारख्या औषधाने हातापायांत ताठरपणा वा कंप येऊ शकतो. रिस्पेरिडोनने काही स्त्रियांची पाळी चुकते. ओलान्झापिनने भूक व वजन वाढते, साखरही वाढू शकते. क्लोझापिन घेणाऱ्याला सुरुवातीला दर आठवड्यास रक्ततपासणी करावी लागते, कारण क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायक प्रमाणात घटतात. ही तपासणी चुकवू नये.

(ई) लिथियम : तहान, वारंवार लघवी, हाताला बारीक कंप. या औषधाची उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडे असते. म्हणून रक्तातील प्रमाण तपासावे लागते. त्यासाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी देतात. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात घाम फार जातो, तेव्हा पाणी कमी पडू देऊ नये आणि जेवणातील मीठ एकाएकी बंद करू नये. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा वेदनाशामक गोळ्यांनी लिथियमचे रक्तातील प्रमाण वाढू शकते. अंगदुखीसाठी दुकानातून परस्पर गोळी घेणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

(उ) झोपेच्या व चिंता तात्पुरती शमवणाऱ्या गोळ्या, उदा. क्लोनाझेपाम, लोराझेपाम : गुंगी, विसराळूपणा, तोल जाणे, आणि दीर्घकाळ घेतल्यास सवय लागणे. दारूबरोबर या गोळ्या श्वास मंदावू शकतात. तो खेळ जिवावर बेततो.

गर्भवती स्त्रियांनी, मूल होऊ देण्याचा विचार असणाऱ्यांनी आणि बाळाला अंगावर पाजणाऱ्या मातांनी हे पहिल्याच भेटीत सांगावे. व्हॅल्प्रोएटसारख्या औषधाने गर्भाला गंभीर अपाय होऊ शकतो.

४) किरकोळ त्रासावर घरचे उपाय

मळमळ : उपाशीपोटी गोळी घेऊ नये. जेवणानंतर घ्यावी. एकदम पोटभर जेवण्यापेक्षा थोडे थोडे, चार वेळा खावे. मऊ भात, ज्वारीची भाकरी, आल्याचा तुकडा उपयोगी पडतो. तेलकट व तिखट काही दिवस दूर ठेवावे.

झोप : गोळीने पेंग येत असेल तर ती रात्री, आणि झोप उडत असेल तर सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. एवढ्या बदलाने पुष्कळांचा प्रश्न सुटतो. औषधाचा आपल्यावर काय परिणाम होतो हे कळेपर्यंत दुचाकी चालवू नये, यंत्रावर काम करू नये.

चक्कर : पलंगावरून ताडकन उठू नये. आधी उठून बसावे, पाय खाली सोडावेत, मिनिटभर थांबून मग उभे राहावे. घरातील वृद्धांना रात्री लघवीला जाताना सोबत करावी.

कोरडे तोंड व बद्धकोष्ठ : घोट घोट पाणी, साखर न लावलेली बडीशेप, दोन वेळा दात घासणे, जेवणात पालेभाजी, पेरू, मोड आलेली कडधान्ये, रोज अर्धा तास चालणे. तीन-चार दिवस शौचास झाले नाही तर डॉक्टरांना सांगावे. क्लोझापिन घेणाऱ्याने तर याकडे मुळीच दुर्लक्ष करू नये.

वजन : पहिल्या दिवशीचे वजन लिहून ठेवावे आणि दर आठवड्यास त्याच काट्यावर पाहावे. भूक वाढते तेव्हा शेव-फरसाण, गोड चहा आणि शीतपेये यांनीच वजन वाढते. दोन-तीन किलो वाढले की लगेच सांगावे. दहा किलो वाढल्यावर ते उतरवणे फार कठीण जाते.

५) वाट न पाहता डॉक्टर गाठावे असे त्रास

वरील त्रास सोसता येतात. पुढील लक्षणे सोसायची नसतात. ‘उद्या बघू’ असे म्हणायचे नसते.

• अंगावर पुरळ, विशेषतः तापासह किंवा तोंडात व डोळ्यांत फोड येणे. कार्बामाझेपिन व लॅमोट्रिजिन यांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचे आहे.
• मान वा जीभ वाकडी होऊन आखडणे, डोळे वर फिरणे. हे पाहून घरचे घाबरतात, कोणी ‘बाहेरचे’ समजून अंगारा लावतात. हा औषधाचा परिणाम असतो आणि इंजेक्शनने लवकर उतरतो.
• जोराचा ताप, अंग लाकडासारखे ताठ होणे, शुद्ध हरपणे.
• एका जागी बसवेनासे होणे, पाय सतत हलवावेसे वाटणे. घरच्यांना वाटते आजारच वाढला. हीसुद्धा औषधाची प्रतिक्रिया असू शकते आणि रुग्णाला ती असह्य होते.
• लिथियम घेणाऱ्यास उलट्या, जुलाब, मोठा कंप, बोबडे बोलणे, झोकांड्या जाणे.
• क्लोझापिन घेणाऱ्यास घसा दुखून ताप येणे.
• उदासीनतेची गोळी सुरू झाल्यावर माणूस एकाएकी फार बोलू लागणे, झोपेविना ताजातवाना राहणे, वारेमाप खर्च करणे. हे उन्मादाचे लक्षण असू शकते.
• वृद्ध माणूस गोंधळून जाणे, फार गळून जाणे. काही गोळ्यांनी रक्तातील सोडियम घटते.
• मरणाचे विचार येणे वा वाढणे.

या शेवटच्या मुद्द्याकडे विद्यार्थ्यांच्या पालकांनी विशेष लक्ष द्यावे. उदासीनतेवरील गोळ्यांनी पंचविशीच्या आतील काही तरुणांत सुरुवातीच्या काळात असे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये याविषयी ठळक इशारा छापणे सक्तीचे केले आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू केला. याचा अर्थ तरुणांना औषध देऊ नये असा नाही. उपचार न झालेली उदासीनताही जीव घेते. अर्थ एवढाच की पहिले काही आठवडे मुलाला एकटे टाकू नये, गोळ्यांची पाकिटे मोठ्या माणसाच्या ताब्यात ठेवावीत आणि ‘तुझ्या मनात जिवाचे काही येते का?’ असे सरळ, शांतपणे विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट सांगायला वाट मिळते. धोका वाटल्यास तडक रुग्णालयात न्यावे. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून ती मोफत, चोवीस तास आणि मराठीतही मिळते.

६) गोळी अचानक बंद करू नये

त्रास झाला म्हणून गोळी सोडणे आणि बरे वाटले म्हणून गोळी सोडणे, हे दोन्ही सारखेच घातक. पॅरॉक्सेटिन, व्हेनलाफॅक्सिन यांसारख्या गोळ्या एकदम थांबवल्यास चक्कर, चिडचिड, झोप उडणे, डोक्यात विजेसारखे झटके असे त्रास होतात. दीर्घकाळ घेतलेल्या क्लोनाझेपामसारख्या गोळ्या एकाएकी थांबवल्यास फिटही येऊ शकते. गोळी थांबवायची तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, पायरी-पायरीने. वर सांगितलेले गंभीर लक्षण दिसल्यास मात्र पुढची गोळी घेण्यापूर्वीच डॉक्टरांशी किंवा रुग्णालयाशी संपर्क साधावा.

एखादी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये. दुकानदाराने दुसऱ्या नावाची पट्टी दिली तर तीवर छापलेले मूळ औषधाचे नाव व मिलिग्रॅम पडताळून पाहावे. खर्च परवडत नसेल तर तेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. जनऔषधी केंद्रात यांतील काही औषधे स्वस्त मिळतात, आणि ठाणे, पुणे (येरवडा), नागपूर व रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत.

७) नोंदवहीचे महत्त्व

आमच्या बँकेत तोंडी व्यवहाराला किंमत नसते, नोंद हवी. औषधाच्या बाबतीतही मला हेच उपयोगी पडले. ‘कसंतरी होतं’ या वाक्यावरून डॉक्टरांना फारसे कळत नाही. चाळीस पानी वहीत रोज चार ओळी लिहाव्यात : गोळी किती वाजता घेतली, झोप किती तास, त्रास कोणता व किती (दहापैकी गुण द्यावेत), मन कसे. माझ्या वहीतील काही नोंदी नमुन्यादाखल देतो.

दिवस २ : सकाळी मळमळ, ६ गुण. चहा नकोसा झाला.
दिवस ४ : रात्री ३ वाजता जाग, मग झोप नाही. डॉक्टरांना फोन. गोळी सकाळी नाश्त्यानंतर घेण्यास सांगितले.
दिवस ९ : मळमळ २ गुण. झोप ६ तास. मन तसेच.
दिवस १३ : मळमळ नाही. मन तसेच.
दिवस २४ : ‘आज यांनी स्वतःहून पेपर मागितला.’

ही शेवटची नोंद माझ्या पत्नीच्या हातची आहे. मला स्वतःला त्या दिवशी काही फरक जाणवला नव्हता. सुधारणा पुष्कळदा रुग्णाआधी घरच्यांना दिसते. म्हणून वहीत त्यांनीही लिहावे. मळमळीचा आकडा उतरताना डोळ्यांसमोर दिसत होता, एवढ्याच आधारावर माझे तेराव्यापासून चोविसाव्यापर्यंतचे दिवस निघाले. आकडा उतरत नसेल तर तेही वहीतच दिसते आणि डॉक्टर मात्रा वा औषध बदलू शकतात. पहिली गोळी मानवली नाही म्हणजे उपचार संपला असे नव्हे.

८) घरच्यांसाठी व आपल्या चालीरीतींसंबंधी

‘वेड्याची गोळी’ हा शब्द घरात कोणीही उच्चारू नये. ‘एवढं काय झालंय तुला, मन घट्ट कर’ हा उपदेशही नको. पहिले पंधरा दिवस रुग्णाला जेवणाची वेळ सांभाळून द्यावी, संध्याकाळी सोबत फिरायला न्यावे, दवाखान्यात बरोबर जावे. विद्यार्थ्याची परीक्षा जवळ असेल तर औषध सुरू करतानाच डॉक्टरांना तारीख सांगावी.

उपोसथाला अष्टशील पाळून दुपारनंतर न जेवणाऱ्यांनी गोळीची वेळ आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. रात्रीची गोळी उपाशीपोटी घेणे किंवा टाळणे योग्य नव्हे. दीक्षाभूमी वा चैत्यभूमीला जाताना दोन-चार दिवसांच्या जास्तीच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवावी. ध्यान-शिबिरास जाण्यासाठी कोणी गोळी बंद करू नये आणि अर्जात आजार लपवू नये. शिबिर पुढेही होते. आधी डॉक्टरांना, मग शिबिराच्या आचार्यांना विचारावे.

समारोप

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, जो २९ मे २०१८ पासून अमलात आला, उपचार मिळणे आणि आपल्या उपचाराची माहिती मिळणे हा रुग्णाचा हक्क मानला आहे. तेव्हा ‘या गोळीने काय त्रास होईल, तो किती दिवस राहील, केव्हा फोन करू?’ हे तीन प्रश्न डॉक्टरांना विचारण्यात संकोच कसला? उत्तर वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावे. आपल्या वस्तीत, आपल्या नात्यात आज कोणीतरी पाचव्या-सहाव्या दिवशी गोळीची पट्टी हातात धरून ‘घेऊ की टाकून देऊ’ अशा विचारात बसलेले असेल. त्याच्याजवळ जाऊन ‘आज टाकू नकोस, आधी डॉक्टरांना फोन करू’ एवढे म्हणणारा माणूस आपल्यापैकी प्रत्येक जण होऊ शकतो.

अभ्यासासाठी प्रश्न

१. औषधाचा त्रास आधी आणि गुण नंतर का जाणवतो, ते सोदाहरण सांगा.
२. सोसण्यासारखे तीन आणि ताबडतोब डॉक्टरांना कळवण्यासारखे पाच त्रास लिहा.
३. लिथियम घेणाऱ्याने उन्हाळ्यात व अंगदुखीच्या वेळी कोणती काळजी घ्यावी?
४. आपल्या घरी कोणी असे औषध सुरू केल्यास पहिल्या पंधरा दिवसांत आपण कोणकोणती जबाबदारी घ्याल, याची यादी घरच्यांसह बसून करा.